दर शनिवारची चढाची धाव : शेफील्डचं पार्करन आणि आपल्या टेकड्या

पायवाट

शेफील्ड आणि आसपासची मराठी मंडळी मला नेहमी विचारतात, "पार्करन सुरू करायचंय, आधी एखाद्या सपाट बागेत जाऊ ना?" मी प्रत्येकाला ग्रेव्हज पार्कचं नाव सांगते. शहरातल्या अवघड मार्गांपैकी तो एक आहे, हेही सांगते. नवख्या माणसाला मी चढावर का पाठवते ते एकदा सविस्तर लिहायचं होतं, म्हणून हा धागा.

ज्यांना पार्करन माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. दर शनिवारी सकाळी, इंग्लंडमध्ये नऊ वाजता, सार्वजनिक बागेत ५ किलोमीटर. पळा, चाला, थोडं पळून थोडं चाला. पैसे लागत नाहीत. एकदाच नाव नोंदवलं की एक बारकोड मिळतो, तो जगातल्या कुठल्याही पार्करनला चालतो. शेवटची रेषा ओलांडली की हातात क्रमांकाचं टोकन देतात. ते टोकन आणि तुमचा बारकोड स्कॅन होतो आणि थोड्या वेळाने तुमची वेळ ईमेलवर येते. सगळी कामं स्वयंसेवक करतात.

सुरुवात २ ऑक्टोबर २००४ ला लंडनच्या टेडिंग्टन भागातल्या बुशी पार्कमध्ये झाली. पॉल सिंटन-हेविट यांना दुखापतीमुळे पळता येत नव्हतं, पण पळणाऱ्या मित्रांची सोबत सोडायची नव्हती. पहिल्या दिवशी १३ धावणारे आणि ५ स्वयंसेवक होते. टोकन म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर वापरत. आज वीसहून जास्त देशांत दर आठवड्याला हे चालतं. हे सगळं पळता येत नसलेल्या माणसाने सुरू केलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. या उपक्रमाचा स्वभावच त्यातून आलाय.

आता शेफील्ड. गाव सात टेकड्यांवर वसलंय असं इथले लोक अभिमानाने सांगतात. शहराच्या हद्दीचा जवळपास तिसरा हिस्सा पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात येतो. (आपल्या मांडणीवरच्या ताटवाट्यांचं स्टेनलेस स्टील इथलंच बरं का, १९१३ मध्ये हॅरी ब्रेअर्ली यांनी शोधलेलं.) ग्रेव्हज पार्क शहराच्या दक्षिणेला आहे. टपालाने माल विकणारे व्यापारी जे. जी. ग्रेव्हज यांनी ही जमीन शहराला दिली. आत तळी आहेत, झाडी आहे, आणि प्राण्यांच्या आवारात डोळ्यांवर झिपऱ्या आलेल्या हायलँड गायी आहेत. माझ्या मुलीला पहिल्यांदा तिथे नेलं ते त्या गायींसाठीच.

मार्ग असा, की आधी उतरायचं आणि मग उतरलेलं सगळं परत चढायचं. आणि चढ एकदा करून सुटका नाही, दुसऱ्या फेरीत तो पुन्हा आहेच. पहिल्या उताराला लोक पाय मोकळे सोडतात, घड्याळ बघून खूश होतात. मग झाडीतून वर यायला लागलं की बोलणं थांबतं, फक्त श्वास ऐकू येतात. आपल्याकडे ट्रेकवाले 'छातीवरचा चढ' म्हणतात तसा तो नाही, पण लांब आहे. आता संपला म्हणावं तर वळणापलीकडे अजून असतो.

आणि तिथेच मला हवं ते घडतं. मधल्या गर्दीतली निम्मी माणसं चालायला लागतात. क्लबचा बनियन घातलेली, वर्षानुवर्षं पळणारी माणसंसुद्धा. सपाट बागेत नवा माणूस चालायला लागला की त्याला वाटतं, सगळे पळताहेत, मी एकटाच मागे पडलो. चढावर असं वाटायला जागाच राहत नाही. शेजारी चालणारी बाई धापा टाकत म्हणते, "पुढच्या बाकापासून पळूया का?" आणि दोघी पळायला लागतात. माझ्या इथल्या निम्म्या ओळखी त्या चढावरच्या आहेत.

तर माझं म्हणणं एवढंच: ज्याला आयुष्यात कधी पळायची सवय नव्हती त्याने चढाच्या मार्गावर सुरुवात करावी, आणि दर आठवड्याला त्याच मार्गावर यावं. तुमचे अनुभव, शंका, विरोध, सगळं लिहा.

शंकेखोर

चांगलं लिहिलंय, पण पटलं नाही. नवख्याला चढ म्हणजे गुडघ्यांवर थेट अत्याचार. आधी दोन-तीन महिने सपाटीवर पाय तयार करावेत, मग चढाकडे बघावं. आणि दुसरं, हे सगळं मैत्रीचं म्हणता, मग वेळ कशाला मोजता? वेळ लावली की शर्यत झाली. ईमेलमध्ये क्रमांक येतो म्हणजे माणूस शेजाऱ्याचा क्रमांक बघणारच.

फिजिओ_नाशिक

गुडघ्यांबद्दल लिहितो, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक जण हेच बोलतात.

चढताना गुडघ्याला बसणारा धक्का सपाटीपेक्षा कमी असतो, कारण पाऊल वरच्या जमिनीवर पडतं, उंचावरून आदळत नाही. चढावर काम पडतं ते पोटरी, टाचेमागची शीर आणि नितंबांचे स्नायू यांना. ज्यांची टाच आधीच दुखते त्यांनी चढापासून जपावं, हे खरं. पण सरसकट 'चढ म्हणजे गुडघे गेले' हे बरोबर नाही.

गुडघा आणि मांडी दुखते ती उतारावर. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांब होत असतानाच जोर लावत असतात, ब्रेक मारल्यासारखं. त्यातून स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणून दुखणं त्याच दिवशी कमी आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त. जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं ते यामुळे.

आता पायवाटताईंचा 'दर आठवड्याला तोच मार्ग' हा मुद्दा. असा ताण स्नायूंना एकदा बसला की पुढचे काही आठवडे तोच ताण त्यांना कमी दुखावतो. हे नीट अभ्यासलं गेलेलं आहे. म्हणजे वर्षातून एकदा सिंहगड उतरून आठवडाभर लंगडणारा माणूस दर आठवड्याला छोटासा उतार उतरला तर त्याचे पाय सांभाळून घ्यायला शिकतात. पण लांब खंड पाडला तर हा फायदा हळूहळू ओसरतो.

करायचं काय? चढावर पावलं छोटी, पटापट. नजर पायांवर नको, आठ-दहा पावलं पुढे. कंबरेत वाकू नका, वाकायचं असेल तर घोट्यापासून पूर्ण शरीर किंचित पुढे. वेग सोडा, श्वास सांभाळा. शेजाऱ्याशी एक वाक्य बोलता येत नसेल तर चाला. खड्या चढावर चालणं हे पळण्यापेक्षा किफायतशीरच पडतं, डोंगरात पळणारे पट्टीचे लोक हात मांडीवर ठेवून चालतात ते उगाच नाही. उतारावर टाच पुढे टाकून अडवत उतरू नका, पावलं शरीराखाली पडू द्या.

चाळिशी उलटलेली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. आणि छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, चक्कर यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा. "एवढा चढ संपवून बघू" असं म्हणायचं नाही.

बसाल्ट

+१ फिजिओसाहेब.

पुण्याच्या टेकडीचा एक मुद्दा जोडतो. वेताळ टेकडीवर मी कॉलेजात असल्यापासून जातो. गोखलेनगरकडून, पंचवटीकडून, एआरएआयकडून, चतुःशृंगीकडून, पौड रस्त्याकडून अशा कितीतरी वाटांनी लोक पहाटे वर येतात. पुणे शहरातली ती सर्वात उंच जागा. खाणीपाशी, वेताळाच्या देवळापाशी रोज तीच माणसं भेटतात. कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही, पण चार दिवस कुणी दिसलं नाही तर चौकशी होते. पायवाटताईंनी जे लिहिलंय ते पुण्यात कुठल्याही नोंदणीशिवाय कित्येक पिढ्या चालू आहे.

फरक एकच. आमच्याकडची जमीन. इंग्लंडमधल्या बागेतला गवताचा उतार वेगळा आणि मुरमाचा वेगळा. सुक्या मुरमावर, बारीक खड्यांवर पाय सरकतो. ट्रेकवाले ज्याला घसारा म्हणतात तोच प्रकार. पावसाळ्यात त्याच दगडावर शेवाळ असतं. म्हणून टेकडीवर उतारावर पळायला मी नवीन मुलांना ठामपणे नाही म्हणतो. चढा पळत, उतरा चालत. रस्त्यावरचे गुळगुळीत तळव्याचे बूट तर मुळीच नकोत.

आणि टेकडी राहिली तर हे सगळं राहील. टेकडीतून काढायच्या बालभारती–पौड फाटा रस्त्याच्या विरोधात इतकी माणसं उभी राहिली ती याच पहाटेच्या ओळखींमधून. दर आठवड्याला ज्या वाटेवर घाम गाळला त्या वाटेबद्दल माणूस गप्प बसत नाही.

पायवाट

बसाल्ट, शेवटचं वाक्य अगदी माझ्या मनातलं. इथेही बागांची देखभाल, बंद पडलेली उपहारगृहं, तोडायची झाडं यांवर आवाज उठवणाऱ्यांत शनिवारची मंडळी पुढे असतात.

>> वेळ लावली की शर्यत झाली.

शंकेखोर, तुमचा प्रश्न रास्त आहे. पार्करनच्या आतही हा वाद झालाय. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी संकेतस्थळावरून मार्गाचे विक्रम, सर्वात जलद धावांच्या याद्या काढून टाकल्या, तेव्हा वेगाने पळणारे बरेच लोक चिडले. मला तो निर्णय योग्य वाटतो. त्याआधी ऑक्टोबर २०२२ पासून चालणाऱ्यांसाठी वेगळी स्वयंसेवकाची भूमिका आली, पार्कवॉकर म्हणतात. आणि सर्वात मागे एक 'टेल वॉकर' असतो, तो ठरवून शेवटी येतो. म्हणजे निकालात शेवटचं नाव नेहमी स्वयंसेवकाचं असतं. भाग घेणाऱ्या कुणालाच शेवटचा नंबर मिळत नाही. इतकी साधी व्यवस्था, पण मी तिच्यामुळे कित्येक बायकांना घराबाहेर पडताना बघितलंय.

आणि वेळेचं म्हणाल तर चढाचा मार्ग वेळेची नशा आपोआप उतरवतो. सपाट बुशी पार्कमधली वेळ आणि ग्रेव्हजची वेळ शेजारी ठेवून काही कळत नाही. निकालात वयाच्या हिशोबाने एक टक्केवारी येते, त्या वयाच्या आणि लिंगाच्या उत्तम कामगिरीशी तुलना करून. पण तीसुद्धा चढ मोजत नाही. मग उरतं काय? तोच चढ, मागच्या महिन्यातली मी आणि आजची मी. कुठल्या झाडापर्यंत पळत आले, कुठून चालायला लागले. ही मोजणी मला हवी आहे. ती नसती तर नोव्हेंबरच्या चिखलात मी उठून गेले नसते.

चढावर गमावलेला वेळ उतारावर पूर्ण भरून निघत नाही, हेही लवकर कळतं. त्यामुळे कितीही जोर लावला तरी सपाटीची वेळ येणार नाही हे एकदा मान्य केलं की माणूस आजूबाजूला बघायला लागतो.

आजोळ

मी लीड्सला असतो. आईचा अनुभव लिहायचाय.

बाबा गेल्यानंतर आईला इकडे सहा महिन्यांसाठी आणलं. ज्यांनी आईवडिलांना इकडे आणलंय त्यांना माहीत आहे, आपण सकाळी कामावर जातो आणि ते खिडकीशी बसून राहतात. बाहेर कुणी दिसत नाही, दिसलं तरी बोलायचं काय. गावाकडे आई रोज मळ्यात जायची, चालण्याची सवय दांडगी. इथे ती महिन्याभरात बसून गेली.

एका शनिवारी मी तिला राउंडहे पार्कला घेऊन गेलो. मोठं पार्क आहे, त्यातल्या तळ्याचं नाव वॉटर्लू. नेपोलियनच्या युद्धांनंतर बेकार झालेल्या सैनिकांनी ते खणलं असं सांगतात. तिथेही चढ आहेतच. आईने नऊवारी नेसलेली, वर माझं जाकीट, पायात पळायचे बूट. मी म्हटलं, "आई, तू बाकावर बस, मी येतो." ती म्हणाली, "मी का बसू? एवढी माणसं चाललीत." आणि चालायला लागली.

टेल वॉकर म्हणून त्या दिवशी एक निवृत्त शिक्षिका होत्या. आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येणं शक्यच नाही. दोघी पूर्ण ५ किलोमीटर सोबत चालल्या. चढावर आईने त्यांचा वेग मागे टाकला. मी शेवटच्या रेषेवर उभा राहून वाट बघत होतो, तर दोघी हात हलवत, मोठमोठ्याने बोलत येताहेत, एक मराठीत, एक इंग्रजीत. तिथे उभे असलेले सगळे टाळ्या वाजवायला लागले. शेवटच्या माणसासाठी टाळ्या वाजवणं हा तिथला शिरस्ता आहे, पण आईला ते ठाऊक नव्हतं. ती थांबली आणि सगळ्यांना नमस्कार केला.

पुढे ती टोकन वाटायच्या कामाला उभी राहायला लागली. त्याला भाषा लागत नाही. एकेकाच्या हातात क्रमाने टोकन द्यायचं, क्रम चुकू द्यायचा नाही. आई हिशोबाची पक्की. तिचा क्रम कधी चुकला नाही. थंडीत हातमोजे काढून टोकन देत उभी असायची, कारण हातमोज्यांत दोन टोकनं एकदम येतात.

परत गावी गेल्यावर फोनवर पहिला प्रश्न अजूनही तोच असतो, "शनिवारी गेला होतास का?"

लिंबूसरबत

आजोळ, वाचून डोळे भरून आले. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

माझे सासरे जुलैत मँचेस्टरला येताहेत. वय ६८, दोन्ही वेळा फिरायला जातात. त्यांना आधी नाव नोंदवावं लागेल का? आणि माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, ती आजोबांबरोबर जाऊ शकते का?

पायवाट

हो, संकेतस्थळावर मोफत नोंदणी. बारकोड कागदावर छापून द्या किंवा फोनमध्ये ठेवा. मी ज्येष्ठांना कागदच देते, फोन थंडीत बंद पडतो. बारकोड विसरला तरी भाग घेता येतो, फक्त वेळ नोंदली जात नाही.

अकरा वर्षांखालच्या मुलाने सतत मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरात राहायचं असा नियम आहे. आजोबांच्या वेगाने नात चालायला तयार असेल तर छान, नाहीतर तुम्हीही सोबत जा. चार ते चौदा वयाच्या मुलांसाठी रविवारी २ किलोमीटरचं ज्युनिअर पार्करन वेगळं असतं, तेही बघा. आणि सुरू होण्याआधी नवख्यांना पाच मिनिटं माहिती देतात, ती चुकवू नका. मार्गावर चिखल कुठे, वळण कुठे, सगळं सांगतात.

मँचेस्टरला हीटन पार्क आहे, तिथेही चढ आहे. पण सासऱ्यांना चढाची सवय नसेल तर चालतच करा.

जोबर्गचा_पांथस्थ

दक्षिण आफ्रिकेतून नमस्कार. आमच्याकडे पार्करन आणलं ब्रूस फोर्डाइस यांनी, २०११ च्या नोव्हेंबरात, जोहान्सबर्गच्या डेल्टा पार्कमध्ये. कॉम्रेड्स मॅरेथॉन नऊ वेळा जिंकलेला माणूस. नव्वद किलोमीटरच्या आसपास अंतर, डोंगरावरून, आणि अशा शर्यतीचा राजा ५ किलोमीटर चालणाऱ्यांसाठी झटतो, हे मला फार भावलं.

कॉम्रेड्स १९२१ पासून आहे. डर्बन ते पीटरमारित्झबर्ग, साधारणपणे एक वर्ष चढाच्या दिशेने आणि एक वर्ष उताराच्या. दोन्ही केलेले बरेच जण सांगतात की उताराचं वर्ष मांड्यांना जास्त छळतं. फिजिओसाहेबांनी वर दिलेलं कारण वाचून ते आज नीट उलगडलं.

आमच्या शहराची उंचीच समुद्रसपाटीपासून १,७०० मीटरच्या वर. मुंबईहून आलेला भाऊ पहिल्या चढाला हबकला होता. त्याला सांगितलं, पहिले दोन शनिवार फक्त चाल. आमच्याकडे चालणारे प्रचंड. आज्या, नातवंडं, अख्खी कुटुंबं. सकाळी आठला सुरू होतं कारण नंतर ऊन चढतं. मला तरी पार्करन म्हणजे चालणाऱ्यांचाच सोहळा वाटतो, पळणारे त्यातून वाट काढत जातात.

शंकेखोर

आजोळ यांच्या आईंचं वाचल्यावर माझा वेळेबद्दलचा आक्षेप बराच सौम्य झालाय. गुडघ्याचं फिजिओंनी समजावलं. तरी एक उरतंच: भारतात पार्करन नाही. मग इथल्या वाचकांनी काय करायचं? पैसे भरून टीशर्ट आणि पदक देणाऱ्या स्पर्धा दर रविवारी आहेत, दर आठवड्याची फुकट धाव कुठे आहे?

कृष्णाकाठ

याच प्रश्नासाठी गेले दोन दिवस धागा वाचतोय. मी सातारचा. आमच्याकडे २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचं आणि परत यायचं. त्या महिन्यात सगळं गाव पळतं. बाकी वर्षभर तयारी करणारे तेवढे पळतात.

अजिंक्यताऱ्यावर मात्र रोज पहाटे माणसं असतात. डांबरी रस्ता वरपर्यंत जातो. आम्ही सात-आठ जण ठरवतोय, दर रविवारी सकाळी सहाला खालून निघायचं, दरवाजापर्यंत जाऊन परत. फुकट, कुणीही यावं. माझ्या दोन शंका. एक, परवानगी लागते का? दोन, माझी बायको म्हणते की पहिले चार आठवडे बायका येतील, मग पुरुष वेगाने पुढे जातात म्हणून यायच्या बंद होतील. तिचं म्हणणं मला खरं वाटतं.

बसाल्ट

>> परवानगी लागते का?

सात-आठ जण चालायला जाताना कुणी विचारत नाही. पण वेळ जाहीर करून लोकांना बोलावणार असाल तर आधी जाऊन भेटा. डोंगराची जमीन बऱ्याचदा वन विभागाकडे असते, किल्ल्याच्या बाबतीत आणखी खाती येतात. एक साधं पत्र: किती माणसं, किती वाजता, ध्वनिक्षेपक नाही, मांडव नाही, प्लास्टिकचे पेले नाहीत. पत्राची पोच घेऊन ठेवा.

डांबरी रस्त्यावर गाड्या येतात, सहाला हिवाळ्यात अंधार असतो. उजेड झाल्यावरच निघा, सहाचा हट्ट नको. रस्त्याच्या एका कडेने, गाड्या समोरून दिसतील अशा बाजूने. वळणांवर दोन माणसं रंगीत जाकीट घालून उभी करा. ती माणसं पळणार नाहीत, हे आधीच ठरवा, नाहीतर तीही पळत सुटतात. पाणी प्रत्येकाने स्वतःचं. एकाच्या पाठीवर प्रथमोपचाराची पिशवी आणि सगळ्यांच्या फोनमध्ये १०८. वर नेटवर्क कुठे मिळतं ते आधी बघून ठेवा.

फिजिओ_नाशिक

कृष्णाकाठ, तुमच्या मार्गात आधी सगळा चढ आणि मग सगळा उतार आहे. म्हणजे पाय दमलेले असताना उतरायचं. पहिले काही रविवार उतार सगळ्यांनी चालतच करायचा, हा नियम करा. 'नियम' म्हटलं की तरुण मुलांचाही मान राहतो. आणि निघण्याआधी पाच मिनिटं सपाटीवर चालून अंग गरम करा, थंड पोटऱ्यांनी थेट चढ नको.

पायवाट

कृष्णाकाठ, वहिनी अगदी बरोबर बोलल्या आहेत. यावर मी इथे बघून शिकलेलं सांगते.

सर्वात मागे चालायचं काम ठरवून द्या, आणि ते काम तुमच्यातल्या सर्वात वेगवान माणसाला द्या. आळीपाळीने. जो मुलगा हाफ मॅरेथॉन पळतो त्याने एका रविवारी सगळ्यात मागे, आजीबाईंच्या वेगाने वर जायचं. ग्रेव्हजला मी अशी भूमिका केली तेव्हा माझ्यासोबत शस्त्रक्रियेतून नुकत्याच उठलेल्या एक बाई होत्या. चढावर त्या दर काही पावलांनी थांबायच्या आणि मीही थांबायचे. "तुम्ही पुढे जा" असं त्या दोनदा म्हणाल्या. मागे चालणाऱ्याने पुढे जायचंच नसतं हे समजल्यावर त्यांचे खांदे सैल झाले. पुढे त्या येतच राहिल्या.

दुसरं, वर पोचलेल्यांनी लगेच उतरायचं नाही. दरवाजापाशी थांबायचं, सगळे वर येईपर्यंत. मग एकत्र उतरायचं. फिजिओंच्या 'उतार चालत' या नियमाशी हे जुळतंही. थंडीसाठी वर नेसायला-घालायला काहीतरी सोबत ठेवा.

तिसरं, बायकांनी बायकांना फोन करून बोलवायचं. ग्रुपवर टाकलेला निरोप पुरत नाही. "मी तुला साडेपाचला घ्यायला येते" असं कुणीतरी म्हटलं पाहिजे. साडी, सलवार कमीज, काहीही चालेल, फक्त बूट नीट हवेत आणि ओढणी अडकणार नाही असं बघायचं.

वेळ लावायची की नाही ते तुम्ही ठरवा. लावलीत तर प्रत्येकाची वही वेगळी ठेवा, एकत्र यादी भिंतीवर लावू नका.

आणि पावसाळ्यातले रविवार कसे करायचे ते आत्ताच ठरवा. माणसं तुटतात ती पावसाळ्यात. धो धो पाऊस असेल, दरड किंवा शेवाळाची भीती असेल तर वर जाऊ नका, पण ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी भेटा जरूर. चहा घ्या, खालच्या रस्त्यावर चाला. इथे बर्फामुळे धाव रद्द होते तेव्हाही काही मंडळी कॉफीला जमतातच.

कृष्णाकाठ

खूप आभार सगळ्यांचे. पत्राचा मसुदा आज लिहितो. उजेडाचं पटलं, साडेसहा करतो. पहिल्या रविवारी मागे चालायला आमच्यातला घाट पळणारा पोरगा तयार झालाय. पहिल्यांदा कुरकुरला, मग त्याची आईच येतेय म्हटल्यावर लगेच हो म्हणाला. बायकोने तिच्या भिशीतल्या पाच जणींना फोन केलेत, त्यातल्या तिघी नक्की.

एकच राहिलं. एक काका ७४ वर्षांचे आहेत, रोज अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन परत येतात. त्यांना वरपर्यंत यायचंय. आणायचं का?

फिजिओ_नाशिक

रोज अर्ध्यापर्यंत जातात म्हणजे पाय आहेत. डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या, हृदयाची पट्टी काढायला सांगा. मग पहिल्या रविवारी त्यांच्या नेहमीच्या जागेच्या थोडं पुढे, पुढच्या रविवारी आणखी थोडं. कुठून फिरायचं ते काका ठरवतील, आपण आग्रह करायचा नाही. काठी आणत असतील तर आणू दे. आणि मागे चालणारा पोरगा त्या दिवशी काकांसोबतच परत फिरेल, बाकीच्यांसाठी मागे दुसरा माणूस हवा.

आजोळ

काकांना आणाच. मी डिसेंबरात गावी येतोय, कराडजवळच आहे आमचं. एका रविवारी आईला घेऊन साताऱ्याला येतो. टोकनं करणार असाल तर वाटायचं काम तिच्यासाठी राखून ठेवा.

कृष्णाकाठ

राखून ठेवलं. वॉशर आमच्या दुकानात आहेत, शंभर देतो. त्यावर आकडे कोरून घेतो.